खळीपासून पांढऱ्या डिंकापर्यंत

मखराचे काम निघाले की पूर्वी आधी शेगडी पेटे. वाड्यातल्या एखाद्या काकू पातेल्यात मैदा कालवत, गुठळी राहू नये म्हणून एकसारखा ढवळत, आणि उतरवताना त्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी, म्हणून पोरांना दम मिळे, "हात तोंडाला लावाल तर खबरदार!" ती खळ दोन दिवसांत आंबे, तिला वास सुटे आणि मग नवे पातेले चढे. आज मखराच्या सामानात पांढऱ्या डिंकाचा डबा असतो. झाकण उघडले की काम सुरू. या डब्याला इतिहास आहे, आणि यंदा मंडळाच्या वाचनालयाची कपाटे आवरताना तो आम्हाला नीट वाचावा लागला.

आपले बडोदे पुस्तकांचे गाव. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. पेट्यांत पुस्तके भरून फिरती वाचनालये खेड्यापाड्यांत जाऊ लागली. हाताळून हाताळून पुस्तके खिळखिळी होणारच, तेव्हा बांधणी करणाऱ्याला काम तुटत नसे. त्याच्याजवळ चिकटवायला तीन वस्तू असत. कागदाला खळ, पुठ्ठ्याला आणि पाठीला सरस, आणि बारीकसारीक कामाला बाभळीचा डिंक. सरस म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला अर्क. तो रात्रभर भिजवायचा, पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून ऊन करायचा आणि ऊन आहे तोवरच वापरायचा. सोवळ्याच्या घरात सरसाचे नाव काढायची सोय नव्हती, पण पोथ्यांचे पुठ्ठे त्यानेच चिकटलेले असत, हे सगळ्यांना ठाऊक होते. डिंक मात्र निर्धोक. बाळंतिणीच्या लाडवात पडतो त्याच कुळातला.

या तिन्ही वस्तू निसर्गाच्या हातच्या. पीक बिघडले की भाव चढे, पावसाळ्यात बुरशी येई, झुरळे आणि वाळवी आनंदाने खात. हाताने खोकी चिकटवणाऱ्याला हे चालून जाई. यंत्र मिनिटाला शेकडो पुड्या आणि पाकिटे काढू लागले, तेव्हा खळीच्या वाळण्याची वाट पाहायला कोणी थांबेना.

नवी वस्तू आली जर्मनीतून. १९१२ मध्ये फ्रिट्झ क्लाटे हे रसायनशास्त्रज्ञ ॲसिटिलीन वायूचा उपयोग शोधत होते. त्यांनी त्यापासून व्हिनाइल ॲसिटेट नावाचा पातळ द्रव केला. तो उजेडात ठेवला की घट्ट होई. अशा पदार्थांत रेणूंच्या लांबच लांब साखळ्या असतात, हे हर्मन स्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडले, तेव्हा अनेक नामांकित पंडितांनी ते उडवून लावले. त्यांना नोबेल मिळायला १९५३ उजाडले.

पण साखळ्यांचा हा गोळा पाण्यात विरघळत नाही. मग पाण्यातला डिंक कसा व्हायचा? उत्तर आपल्या रोजच्या दुधात आहे. दुधातली चरबी पाण्यात विरघळलेली नसते. तिचे बारीक थेंब प्रथिनांचे आवरण घेऊन तरंगत असतात, म्हणून एकमेकांना चिकटत नाहीत. हेरमान आणि हेनेल या दोघा जर्मनांनी १९२४ मध्ये पॉलिव्हिनाइल अल्कोहोल तयार केले. ते पाण्यात विरघळते आणि असेच आवरण धरू शकते. कढईत पाणी आणि हे आवरणाचे द्रव्य घ्यायचे, व्हिनाइल ॲसिटेट हळूहळू सोडायचे, साखळी सुरू करणारे थोडे परसल्फेट टाकायचे, आणि ७०-८० अंशांवर काही तास ढवळत राहायचे. काकूंच्या खळीसारखेच, फक्त कढई पोलादाची. तयार होते ते दुधासारखे पांढरे. त्यात साधारण निम्मे पाणी आणि निम्मे घन कण. कागदाने पाणी शोषले की कण जवळ येतात, एकमेकांत मिसळतात आणि पारदर्शक पापुद्रा होतो. पांढरा डिंक वाळल्यावर दिसेनासा होतो तो यामुळे. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या आप्तांनी अनुभवले असेल, की थंडीच्या पहाटे चिकटवलेले कधीकधी खडूसारखे भुरभुरीत राहते. थंडीत कण कडक असतात, ते मिसळतच नाहीत. दोष डब्याचा नसतो.

१९३० नंतरच्या दशकात जर्मनीत असे डिंक बाजारात आले. आपल्याकडे ते घरोघर पोचवले बळवंतराय पारेख यांनी. हे भावनगरकडच्या महुव्याचे, वकिली शिकलेले, आणि मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपाई म्हणून राबलेले. तिथे सुतारांचा सरसाशी चाललेला झगडा त्यांनी पाहिला. १९५९ मध्ये त्यांनी 'फेव्हिकॉल' आणले. नाव होक्स्ट या जर्मन कंपनीच्या 'मोविकॉल'च्या धर्तीवर बेतलेले. पुढे कच्चा मालही देशात होऊ लागला. उत्तर प्रदेशात गजरौला येथे उसाच्या मळीच्या अल्कोहोलपासून व्हिनाइल ॲसिटेट निघू लागले, आणि आपल्या रायगडातल्या महाडलाही त्याचा कारखाना उभा राहिला. मळीपासून डिंक! शेवटी गोडाचा चिकटपणा कामी आलाच.

वेष्टनाच्या धंद्यात हा बदल सर्वांत खोल गेला. पेढ्याच्या खोक्याची बाजू, चहापत्तीची पुडी, कापड गुंडाळायची पुठ्ठ्याची नळी, सगळीकडे पांढरा डिंक. फक्त नालीदार पुठ्ठ्याने स्टार्च सोडला नाही. स्वस्त तो स्वस्तच. गुळगुळीत लेप दिलेली खोकी आली, तेव्हा साधा डिंक त्यावरून सुटू लागला. तो नरम करायला जे तेलकट द्रव्य घालत, ते हळूहळू बाहेर झिरपते, आणि खाण्याच्या वस्तूजवळ ते नको. १९६० नंतर साखळीतच इथिलीन गुंफण्याची युक्ती निघाली. डिंक आपोआप मऊ राहिला, वेगळे द्रव्य घालायला नको. चांगल्या खोक्यांवर आज बहुधा हाच असतो. त्याचा त्रास होतो तो वापीच्या कागद गिरण्यांना. रद्दी पाण्यात भिजवली की स्टार्च विरघळून जातो. हा पापुद्रा मात्र चिकट तुकड्यांच्या रूपाने नव्या कागदात डोकावतो.

आता वाचनालयाकडे वळू. चाळीसेक वर्षांपूर्वी मंडळाने जुन्या मराठी मासिकांचे खंड बांधायला दिले. बांधणाऱ्याने हौसेने नवी पद्धत वापरली. जुजांची शिलाई काढली, पाठ यंत्रावर कापली आणि पांढऱ्या डिंकाने सगळे एकसंध केले. तेव्हा ते काम आम्हा सगळ्यांना फार सुबक वाटले होते, आणि आमच्यापैकी कोणी हरकत घेतली नाही. यंदा उघडून पाहिले तर आतल्या समासातली अक्षरे पाठीत गडप झाली आहेत. खंड सपाट उघडत नाही. जोर केला की पान मुळाशी फाटते. आजोबांच्या पिढीने पेन्सिलीने केलेल्या टिपा त्याच समासात होत्या.

खळीचा एक गुण तेव्हा आमच्या ध्यानात आला नव्हता. ती ओलसर केली की सुटते. शंभर वर्षांनीही पोथी उलगडून पुन्हा बांधता येते. पांढरा डिंक पाण्याने फुगतो, पण विरघळत नाही. तो काढायला ॲसिटोनसारखे द्रव लागतात, आणि त्याने शाईच उतरायची. वर साधा डिंक वर्षानुवर्षे किंचित आम्ल सोडत राहतो. म्हणूनच दस्तऐवज जपणारे लोक आजही शुद्ध गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, किंवा मुद्दाम आम्लरहित केलेला डिंक. मोरचूद मात्र ते टाळतात, तांब्याने कागद लवकर जीर्ण होतो. काकूंचीही एक चूक निघालीच.

कापलेला समास परत येणार नाही. जे खंड अजून जुन्या शिलाईत आहेत, ते आम्ही कापडात गुंडाळून वेगळ्या कपाटात ठेवले आहेत. त्यांची दुरुस्ती शिलाईने आणि स्टार्चच्या खळीनेच होईल, पांढऱ्या डिंकाचा डबा त्या खोलीत न्यायचा नाही, असे कार्यकारिणीने ठरवले आहे. ज्यांच्या घरी याच मासिकांचे सुटे अंक असतील, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी आम्हाला दाखवावेत. गडप झालेल्या ओळी त्यांतून उतरवून घेता येतील. मखराला मात्र यंदाही डबाच.