पांढऱ्या भिंतीचा आग्रह

घर लहान असेल तर भिंती पांढऱ्याच हव्यात, हे मत हल्ली इतकं पक्कं झालं आहे की त्याचं कारण विचारायच्या फंदात कुणी पडत नाही. रंगारी तेच सांगतो, डिझायनर तेच सांगतो, नुकतंच घर लावून झालेली मावसबहीणही तेच सांगते. पांढरा द्या, फार तर ऑफ व्हाइट. खोली मोठी दिसते, उजेड वाढतो, स्वच्छ वाटतं आणि पुढेमागे घर विकायचं झालं तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत खुपत नाही. याच्या जोडीने दुसरंही एक मत येतं: घराला नवेपणा आणायचा म्हणजे सुतार लावायचा. भिंतभर वॉर्डरोब, टीव्हीमागे पॅनेल, वर फॉल्स सीलिंग. मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात. दोन्हींत घराचा विचार दारात उभ्या असलेल्या पाहुण्याच्या नजरेने केला जातो आणि घरात चोवीस तास वावरणारं माणूस हिशोबातून सुटतं.

पूर्वपक्षात तथ्य नाही असं मात्र म्हणता येत नाही. ओबरफेल्ड, हेख्ट आणि गामर या जर्मन संशोधकांनी २०१० साली खोलीची उंची डोळ्यांना किती भासते यावर प्रयोग प्रसिद्ध केले. छत फिकं असेल तर खोली उंच वाटते, भिंती फिक्या असतील तरी उंच वाटते, जमिनीच्या रंगाने मात्र काही फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. उजेडाचा हिशोबही पांढऱ्याच्याच बाजूने आहे. चांगला पांढरा रंग पडलेल्या उजेडातला सुमारे ८० टक्के परत फेकतो. तो समोरच्या भिंतीवर जातो, तिथून पुन्हा परततो. खोलीतले सगळेच पृष्ठभाग ८० टक्के उजेड परतवणारे असतील, तर ५० टक्केवाल्या खोलीपेक्षा तिथे एकंदर अडीच पट उजेड खेळेल. गणित बरोबरच आहे.

पण ते रिकाम्या खोलीचं गणित आहे. पलंग, कपाट, पडदे, पुस्तकं, माणसं आली की हिशोब बदलतो आणि चारही भिंती पांढऱ्या ठेवून मिळणारा फायदा बराच आटतो. खरा उपयोग होतो तो छताचा आणि खिडकी असलेल्या भिंतीचा. खिडकीतून लख्ख उजेड येत असताना तिच्या भोवतीची भिंत गडद असेल तर डोळे दिपतात. म्हणून ती भिंत आणि चौकटीलगतची आतली कड फिकी ठेवावी. छत पांढरं ठेवावं. पूर्वपक्षाच्या पदरात एवढं घातलं की उरलेल्या तीन भिंती मोकळ्या होतात.

‘मोठं दिसणं’ हेच ध्येय कसं काय ठरलं, हे मला कळलेलं नाही. खोली थोडी मोठी भासली म्हणून त्यात एक खुर्ची जास्त मावत नाही.

आधुनिक घर म्हणजे पांढरं घर, ही समजूत आली कुठून तेही पाहू. ल कॉर्बुझिए या वास्तुकाराने १९२५ साली सजावटीवरच्या आपल्या पुस्तकात अशी मागणी केली की प्रत्येकाने भिंतीवरचे पडदे, नक्षीचे कागद उतरवून रिपोलिन या रंगाचा शुभ्र हात द्यावा. पांढऱ्याच्या बाजूने एवढं जोरदार बोलणं क्वचितच झालं असेल. पण ज्या सुमारास तो हे लिहीत होता त्याच सुमारास पॅरिसमधल्या त्याच्या व्हिला ला रोशमध्ये आतल्या भिंती गेरूच्या, मातकट तपकिरी, करड्या आणि निळ्या रंगत होत्या. लगेच पुढच्या वर्षी बोर्दोजवळच्या पेसाक इथे त्याने कामगारांची वसाहत पूर्ण केली, तीही रंगीत. १९३१ मध्ये तर त्याने सालुब्रा कंपनीसाठी भिंतीच्या कागदांचा रंगसंच तयार केला, त्यात ४३ छटा होत्या. जगाने मात्र त्याच्या इमारती बऱ्याच काळ पाहिल्या त्या कृष्णधवल छायाचित्रांतून, आणि त्यांत फिकी भिंत पांढरीच दिसते. त्याचं वाक्य लोकांपर्यंत पोचलं, घरं नाही पोचली.

बर्लिनमध्ये ब्रुनो टाउट या वास्तुकाराने तर लहान घरांसाठीच रंगाचा पुरस्कार केला. १९१३ पासून बांधली गेलेली फाल्केनबेर्गची त्याची वसाहत साध्या माणसांसाठी होती. नक्षीकामाला पैसे नव्हते, म्हणून त्याने घराघराला वेगवेगळा, ठसठशीत रंग दिला. लोकांनी तिचं नाव ‘रंगपेटी वसाहत’ पाडलं. २००८ साली बर्लिनच्या ज्या सहा वसाहती जागतिक वारसा म्हणून नोंदल्या गेल्या त्यांत तीही आहे. हातात पैसा कमी असताना घर आपलंसं करायचं सर्वांत स्वस्त साधन रंग हेच आहे, हे टाउटला शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

आपल्याकडे ते सांगायला कुणी टाउट लागला नाही. मुंबईतल्या बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. त्याहून लहान घर कुठलं शोधायचं? अशा चाळींतल्या भिंती आठवून पाहा: पिस्ता, आकाशी, गुलाबी, क्वचित गडद निळा. गणपतीच्या किंवा लग्नाच्या आधी डिस्टेंपरचा हात फिरायचा तो याच रंगांचा. खऱ्याखुऱ्या लहान घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांनी स्वतः निवडलेले रंग असे होते. पांढऱ्याचा नियम या मंडळींनी केलेला नाही.

यावर कुणी म्हणेल, आमच्या वाड्यातल्या भिंती तर पांढऱ्याच होत्या. होत्या, चुन्यात नीळ घालून दिलेला तो पांढरा होता. पण त्या पांढऱ्याच्या खाली शेणाने सारवलेली जमीन किंवा करडी शहाबादी फरशी होती, वर सागवानी तुळया होत्या, मध्ये काळपट खांब होते, कोनाड्यात समईची काजळी होती. एवढा काळोख भोवती असताना पांढरं विसावा देतं. आजच्या फ्लॅटमध्ये जमिनीला दोन बाय दोनची हस्तिदंती चकचकीत टाइल, दारं फिक्या लॅमिनेटची, छत पांढरं आणि भिंतीही पांढऱ्या. नजर टेकायला जागाच नाही. वाड्यातला एक घटक उचलला आणि त्याला तोलून धरणारे बाकीचे सगळे टाकून दिले, असं झालं आहे. आणि सगळे वाडे पांढरेही नव्हते. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात भित्तिचित्रं आहेत, ती आवर्जून जाऊन पाहावीत. वारली घरात भिंत गेरूची किंवा मातीची असते म्हणून तर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ जिवंत होते. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये भिंत निळी, पिवळी, लाल, आणि पांढरा येतो तो खिडकीच्या कडेने. पांढरा आपल्या परंपरेत होताच, पण तो आपल्या जागी होता.

आता स्वच्छतेचा मुद्दा. पांढरी भिंत स्वच्छ असते ती रंगारी गेल्यावर थोडे दिवस. घरात फिरून भिंतींकडे जवळून पाहा. स्विचबोर्डच्या भोवती बोटांची काळपट कड. दिवाणाच्या मागे, बसल्यावर डोकं टेकतं तिथे खोबरेल तेलाचा गोल डाग. खुर्चीची पाठ घासून पडलेली आडवी रेघ. देव्हाऱ्याच्या वर उदबत्तीचा धूर. मूल असेल तर तीन फुटांखाली पेन्सिलीचं सगळं साम्राज्य. हे डाग म्हणजे कुणाचा गलथानपणा नाही, ते राहण्याच्या खुणा आहेत, आणि त्या कुठे पडणार हे आधीच ठाऊक असतं. मग रंग त्याप्रमाणे का ठरवू नये?

जुन्या शाळांमध्ये, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये, दवाखान्यांत खाली चार फुटांपर्यंत ऑइलपेंटचा पट्टा आणि वर डिस्टेंपर असायचा. रंगारी दोरी मारून सरळ रेघ काढायचा आणि वर बोटभर जाडीची गडद पट्टी ओढायचा. सरकारी म्हणून आपण तो पट्टा हिणवला आणि घरातून हद्दपार केला. मला तो फार शहाणा वाटतो. हात, पाठ, खुर्ची, मूल, केरसुणी हे सगळं चार फुटांच्या आत लागतं. तिथे पुसता येणारा, डाग सोसणारा रंग. त्याच्या वर फिका, उजेड परतवणारा रंग. बसलेल्या माणसाला रंगाची सोबत, उभ्या माणसाला मोकळेपणा. आज ऑइलपेंटच्या उग्र वासाचीही गरज नाही, धुता येणारं चांगलं इमल्शन मिळतं. विटकरी, मेंदी, गडद करडा यांतलं काहीही चालेल. विशेषतः अरुंद पॅसेजमध्ये आणि जेवणाच्या टेबलाशेजारी हा पट्टा द्यावाच. (ओल असलेल्या भिंतीला यातलं काहीच लागू नाही. लोणा धरला असेल, पोपडे सुटत असतील तर आधी गळती काढावी. कुठलाही रंग ती झाकत नाही.)

पांढऱ्याला स्वतःचं असं फार थोडं असतं; जो उजेड पडेल तोच तो दाखवतो. पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीननंतर तो डोळ्यांवर येतो. उत्तरेच्या खोलीत उजेड दिवसभर एकसारखा पण निळसर, तिथे तो राखाडी दिसतो. पुण्यात माझ्या परिचयाच्या एका घरात आतल्या खोलीची एकमेव खिडकी डक्टमध्ये उघडते. ‘उजेड येईल’ म्हणून ती खोली शुभ्र रंगवली होती आणि ती भरदुपारी राखेसारखी दिसायची. मग छत आणि खिडकीची भिंत तशीच ठेवून बाकीच्या तिन्ही भिंतींना बदामीकडे झुकणारा पिवळा दिला. खोली मोठी झाली नाही. दिवसा दिवा लावावा लागतो तो आजही लागतोच. पण आता त्या खोलीत आजी दुपारी वाचत बसतात, पूर्वी त्या तिथे फक्त झोपायला जात.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट बदलली होती, ती म्हणजे दिवा. आपल्या बहुतेक घरांत ६५०० केल्विनची, दुधी-निळसर उजेडाची ट्यूब असते. तिच्याखाली पांढरी भिंत दवाखान्याची वाटते आणि पिवळी भिंत आजारी. ३००० केल्विनच्या आसपासचा ऊबदार दिवा लावला की तीच भिंत खुलते. ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर पांढरा उजेड हवा, तो तिथेच ठेवावा. सबंध खोलीभर नको. घराला नवेपणा आणण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही, आणि रंगारी बोलावण्याच्या आधी लोक तो करून का पाहत नाहीत याचं नवल वाटतं.

सुताराकडे वळू. दहा बाय दहाच्या खोलीत एका भिंतीला दोन फूट खोल वॉर्डरोब केला की १०० पैकी २० चौरस फूट गेले. भिंती पांढऱ्या करून खोली मोठी दाखवायची आणि वॉर्डरोब करून तिचा पाचवा हिस्सा गिळायचा, ही एकाच सल्ल्याची दोन टोकं आहेत. दोन फूट खोली लागते ती हँगरला टांगलेल्या कपड्यांना. घडीच्या कपड्यांना सव्वा फूट पुरतो, पुस्तकांना नऊ-दहा इंच, मसाल्याच्या बरण्यांना पाच. जुन्या घरातलं भिंतीतलं फडताळ उथळ असायचं, त्यात ठेवलेली प्रत्येक वस्तू समोर दिसायची आणि मागे काही हरवायचं नाही. आज भिंती जाड नाहीत, पण दाराच्या वर एक लांब उथळ फळी, दारामागे खुंट्यांची रांग, खाली कप्पा असलेला दिवाण, भिंतीला दुमडणारं टेबल एवढं तर करता येतं. शिवाय दिवाण दुसऱ्या भिंतीला सरकवता येतो. मूल मोठं झालं, आईवडील राहायला आले, कुणाचं घरून काम सुरू झालं, की खोलीचा उपयोग पालटतो. भिंतीत ठोकलेलं प्लायवूड पालटत नाही.

आणि कापड. आपल्याकडे रंग भिंतीइतकाच कापडातून घरात यायचा. आजीच्या नऊवारींची गोधडी, सोलापुरी चादर, जाडजूड सतरंजी, घोंगडी, खणाचे अभ्रे. यातलं सगळं धुता येतं, उन्हात टाकता येतं, ऋतूप्रमाणे बदलता येतं. पावसाळ्यात जाड गालिचा कुबट वास धरतो, सुती सतरंजी पंख्याखाली वाळते. खणाच्या दोन तुकड्यांतला जांभळा आणि मोरपंखी एका साध्या दिवाणाला जो उठाव देतात तो टीव्हीमागच्या पॅनेलला येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्यांची दांडी चौकटीपलीकडे दोन्ही बाजूंना वीतभर न्यावी, म्हणजे दिवसा पडदा भिंतीवर सरकतो आणि काच पूर्ण उघडी राहते. उजेड हवा असेल तर भिंतीला पांढरा देण्याआधी हे करावं. भाड्याच्या घरात मालक खिळाही ठोकू देत नाही, तिथे तर दिवे आणि कापड याच दोन गोष्टी हातात असतात आणि त्या पुरतात.

रंग निवडताना शेड कार्डावर विसंबू नये. १८३९ साली शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात यावर आपलं मोठं पुस्तक छापलं. गोब्लँ या भिंतीवरचे चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार होती, आणि त्याने शोधून काढलं की दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे. कार्डावरचा चौकोन असतो नखाएवढा, भोवती पांढरा कागद. तोच रंग तुमच्या फरशीशेजारी, तुमच्या सागवानी कपाटाशेजारी वेगळाच निघतो. म्हणून रंगाची सर्वांत लहान डबी आणावी, दोन फूट बाय दोन फूट जाड कागदावर दोन हात द्यावेत आणि तो कागद आठवडाभर या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरवावा. सकाळी पाहावा, दुपारी चारला पाहावा, रात्री दिवा लावून पाहावा, दिवाणावर बसून पाहावा. घरातल्या सगळ्यांना विचारावं. मग रंगाऱ्याला बोलवावं.