झेनोगिअर्स

स्क्वेअर या जपानी कंपनीने १९९८ साली प्लेस्टेशनसाठी काढलेला कथाप्रधान व्हिडिओ गेम. दिग्दर्शक तेत्सुया ताकाहाशी. पत्नी काओरी तानाका यांच्यासह त्यांनी ही कल्पना प्रथम ‘फायनल फँटसी ७’ या खेळासाठी मांडली होती. स्मृती हरवलेल्या फेई या तरुणाच्या कथेत फ्रॉइड-युंग यांचे मानसशास्त्र, धार्मिक प्रतीके, पुनर्जन्म आणि ‘गिअर’ नावाचे महाकाय यंत्रमानव एकत्र येतात. समीक्षकांनी या कथेची खोली वाखाणली. यासुनोरी मित्सुदा यांच्या संगीताचेही कौतुक झाले. संवाद फार संथ सरकतात, ही तक्रार सुरुवातीपासूनची.

खरा वाद खेळाच्या दुसऱ्या डिस्कचा. तेथे प्रत्यक्ष खेळणे आटते, पात्रे खुर्चीत बसून घडलेले सांगतात आणि खेळाडू बराच काळ नुसता वाचत राहतो. कारण, चमू बराचसा नवखा आणि मुदत अपुरी. कथा पहिल्याच डिस्कवर तोडण्याऐवजी आपण ही तडजोड सुचवली, असे ताकाहाशींनी पुढे सांगितले. आक्षेप रास्त आहे: ज्या नगरांत हिंडायचे, ती निवेदनात उरकली जातात. तरीही त्या खुर्चीपुरत्या रिकाम्या मंचावर फेईच्या दुभंगलेल्या मनाचा उलगडा विलक्षण जवळून जाणवतो, आणि अपुरेपणासकट हा खेळ जपानी कथाप्रधान खेळांतील सर्वांत धाडसी प्रयत्नांपैकी एक ठरतो.