‘समुद्राचे वैभव’: एका शंखाच्या किमतीचा इतिहास

कोनस ग्लोरियामारिस, म्हणजेच ‘समुद्राचे वैभव’, हा पश्चिम प्रशांत महासागरातला विषारी, शिकारी शंख जवळजवळ दोन शतके जगातल्या सर्वांत दुर्मिळ शंखांत गणला जाई. कोपनहेगनचे धर्मोपदेशक आणि निसर्ग-अभ्यासक योहान केम्निट्झ यांनी १७७७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. लांब, निमुळत्या शंखावर सोनेरी-तपकिरी रेषांची त्रिकोणी जाळी इतकी बारीक असते, की ती नीट पाहायला भिंग घ्यावे लागते. आतला प्राणी पोकळ, भाल्यासारखा दात भक्ष्यात खुपसून विष सोडतो आणि इतर गोगलगाई खातो.

युरोपातल्या धनिकांना तेव्हा शंखांचे अक्षरशः वेड होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस लियोने या डच संग्राहकाच्या मालकीचे व्हर्मीरचे चित्र ४३ गिल्डरना गेले. त्याच्याच संग्रहातल्या कोनस सेडोनुली या शंखाला त्याच्या पाचपटींहून अधिक किंमत आली. अशा बाजारात ग्लोरियामारिसचा भाव चढला नसता तरच नवल.

१८३७ मध्ये ह्यू कमिंग या इंग्रज संग्राहकाला फिलिपिन्समधील बोहोल बेटावर, जाग्ना येथे ओहोटीच्या वेळी खडक उलटताना हे शंख सापडले. आनंदाने आपली शुद्धच हरपायची वेळ आली होती, असे त्याने सांगितले. पुढे तो खडकाळ किनारा भूकंपात नाहीसा झाल्याची वदंता पसरली, जातच संपली असे अनेकांना वाटू लागले आणि भाव आणखी वाढला. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन नैसर्गिक इतिहास संग्रहालयातला नमुना चोरीला गेला.

खरे तर जात संपलेली नव्हती. हा प्राणी प्रामुख्याने खोल पाण्यात राहतो आणि ओहोटीत हिंडणाऱ्या माणसाच्या हाती तो सहसा लागणारच नव्हता. १९६९ मध्ये पाणबुड्यांना सॉलोमन बेटांतील ग्वाडालकॅनालजवळ शंभराहून अधिक नमुने मिळाले. फिलिपिन्सचे मच्छीमारही तळाशी जाळी सोडून ते काढू लागले आणि हजारो डॉलरचा भाव कोसळला. आज साधा नमुना काही हजार रुपयांत मिळतो.

याच गटातला ‘भारताचे वैभव’ म्हणून ओळखला जाणारा कोनस मिल्नेएडवर्डसी हिंदी महासागरात आढळतो. २००१ मध्ये त्याचा समावेश भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला.