दांडा आपण मनाने बसवायचा

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' असे आपण सहज म्हणून जातो. मला मात्र प्रश्न पडतो, पूर्वी हा दांडा बसवत तरी कसे असतील?

१९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिकला गोदाकाठच्या मातीच्या गढीत आणि संगमनेरजवळ जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याला तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यांना नेढेच नाही! म्हणजे लाकडाला खाच पाडून त्यात पाते बसवायचे आणि आवळून बांधायचे, असेच करत असणार.

पुढे डॉ. देव यांनीच नागपूरजवळ माहुरझरीची महापाषाणी दफने खणली. विदर्भातल्या त्या काळच्या लोखंडी कुऱ्हाडींवर पाते दांड्याला जखडून धरणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या दिसतात. आज आपण नेढ्यात धामणीचा किंवा बाभळीचा दांडा घालून पाचर ठोकतो.

घाव घालताना पाते निसटले तर समोरच्याचा जीव जाईल, ही धास्ती तिन्ही काळांत तीच. पण लाकूड कुजले, धातू उरला. म्हणून संग्रहालयात नुसते पाते दिसते. दांडा आणि तो धरणारा हात आपण मनाने जोडायचा.