निबंधातला 'मी'

दहावीच्या मुलांच्या इंग्रजी वह्या तपासताना माझे लाल पेन एका जागी आपसूक थांबते. 'आय थिंक' दिसले की ते खोडायचे आणि वर 'इट इज बिलीव्ह्ड' लिहायचे. मला शिकवणाऱ्या मास्तरांनी हेच केले, त्यांच्या मास्तरांनीही बहुधा हेच केले असेल. मी स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही, पण त्या परीक्षेचा निबंध मला अजून पाठ आहे. आरंभी नाण्याला दोन बाजू असतात हे सांगायचे, मग चार ओळी फायद्यांच्या, चार तोट्यांच्या, आणि शेवटी सुवर्णमध्य! मी कादंबऱ्या लिहितो हे त्या परीक्षकाला कळले तर त्याला हसू येईल.

यंदा मिरकरवाड्यातल्या एका मुलीने समुद्रावर निबंध लिहिला. समुद्राचे सौंदर्य, समुद्राचे उपयोग वगैरे झाल्यावर तिने मध्येच दोन ओळी घातल्या होत्या : पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी लहान होडीवाल्यांची मासळी नेली असे मला वाटते, माझे वडील पहाटे जातात आणि कधी कधी रिकामे येतात. मी त्या दोन्ही ओळी खोडल्या. वही परत घेताना ती म्हणाली, "सर, मग मला वाटतं ते लिहायचं कुठं?"

मला उत्तर सुचले नाही. पण या प्रश्नाला आपल्याकडे दीडशे वर्षांहून अधिक जुना इतिहास आहे, तो त्या रात्री आठवत बसलो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे होते, आणि आमच्या मालवणचे, रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. (मालवण आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात गेले, पण जुन्या माणसांच्या तोंडी ते अजून रत्नागिरीचेच!) १८६२ साली दोघे बी. ए. झाले, आणि पुढे काही वर्षांनी भांडारकर याच रत्नागिरीस हायस्कूलचे हेडमास्तर होऊन आले.

रानड्यांची जी हकीकत चरित्रकार सांगतात ती या एल्फिन्स्टन कॉलेजातल्या दिवसांची. त्यांनी एका इंग्रजी निबंधात मराठ्यांचे राज्य आणि इंग्रजांचे राज्य यांची तुलना केली, आणि तीत इंग्रजी राज्य उणे ठरवले. प्रिन्सिपॉल होते सर अलेक्झांडर ग्रँट. हा गृहस्थ सामान्य नव्हे. ऑक्सफर्डचा पंडित, ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचा संपादक, पुढे एडिंबरो विद्यापीठाचा प्रमुख झालेला. त्यांनी रानड्यांना बोलावून समज दिली. जे सरकार तुम्हाला शिकवते, तुमच्या लोकांसाठी इतके करते, त्याची अशी निंदा करू नये, असा तिचा भावार्थ. आणि सहा महिने शिष्यवृत्ती बंद!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. रानड्यांचे इंग्रजी चुकले होते असे साहेब म्हणाले नाहीत. विषय सुटला, पुरावा तोकडा पडला, असेही म्हणाले नाहीत. त्यांचा आक्षेप होता तो कृतघ्नपणाचा. आता गंमत पाहा. रानडे एल्फिन्स्टनमध्ये दक्षिणा फेलो होते. ही दक्षिणा कोणाची? पेशवे पुण्यात विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासी जी दक्षिणा वाटत, तिचाच निधी इंग्रजांनी पुढे चालवला आणि त्यातून बक्षिसे व फेलोशिपा काढल्या. तेव्हा मराठी राज्याविषयी दोन शब्द बरे लिहिणाऱ्या पोराने कृतज्ञ राहायचे ते नेमके कोणाशी, हा हिशेब ॲरिस्टॉटलच्या संपादकाने मांडलेला दिसत नाही.

मला वाटते (हे मी खोडणार नाही), परीक्षेच्या निबंधातली खरी मेख येथे आहे. आम्ही मुलांना सांगतो की 'मी' हा शब्द औपचारिक इंग्रजीत शोभत नाही. शोभत नसेलही. पण ग्रँटसाहेबांना खुपला तो सर्वनामाचा 'मी' नव्हता. कर्मणी प्रयोगात लिहिले असते तरी शिष्यवृत्ती गेलीच असती. भाषेचा नियम आणि मताचा धाक या दोन वेगळ्या गोष्टी, आणि आम्ही मास्तर एकीच्या नावाखाली दुसरी शिकवत आलो.

रानड्यांनी नियम पाळला, धाक घेतला नाही. सरकारी नोकरी केली, न्यायमूर्ती झाले, शब्द नेहमी तोलून वापरले. पण तो तरुणपणचा विषय सोडला नाही. मराठ्यांची सत्ता हा नुसत्या लुटारूंचा अकस्मात उठाव नव्हता, त्यामागे साऱ्या समाजाची जागृती होती, हे त्यांनी 'राइज ऑफ द मराठा पॉवर' या ग्रंथात शांतपणे मांडले. तो १९०० साली निघाला, आणि १९०१ च्या जानेवारीत रानडे वारले.

दुसरा मार्ग घेणारा माणूस आमच्या गावाने पाहिला. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून पुण्याहून 'निबंधमाला' काढत होते. त्यांची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली ती या लेखनापायीच, अशी समजूत आहे. येथे ते शाळेत सरकारी मास्तर आणि घरी मालाकार! त्यांनी निबंध हाच प्रकार परीक्षेच्या दालनातून उचलला, मराठीत आणला आणि त्यात उघड, कधी कधी बेफाम, 'आम्ही' बसवला. त्या 'आम्ही'ने लोकहितवादींवर आणि जोतीरावांवर जो अन्याय केला तो मला कधीच पटला नाही. मत मोकळे झाले म्हणजे न्यायी होते असे नाही. पण १८७९ साली शास्त्रीबोवांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुण्यास जाऊन १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल काढले. 'आमच्या देशाची स्थिती' हा त्यांचा निबंध पुढे सरकारने जप्त केला. बंदी उठली ती १९३७ साली. तोवर ते जाऊन पंचावन्न वर्षे झाली होती.

आता सरकारही आपले आणि परीक्षा मंडळही आपले. दहावीच्या इंग्रजीत एक प्रश्न असतो, 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' नावाचा. एक मत छापून देतात, मुलाने उलटे मत लिहायचे. कसरत म्हणून चांगली आहे, प्रतिपक्ष समजतो. पण मूल दोन्ही बाजू सारख्याच सफाईने लिहू लागले आणि त्यातली आपली कोणती हे त्याला कोणी विचारलेच नाही, की मला आपल्या पाठ निबंधातला सुवर्णमध्य आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला रानड्यांची हकीकत सांगितली. म्हटले, तुझ्या ओळी ठेव, पण नुसते वाटते म्हणू नकोस. वडील किती दिवस रिकामे आले, पूर्वी किती मासळी मिळे, ते घरी विचारून लिही.

"रानड्यांना त्या निबंधात मार्क किती पडले, सर?"

"मार्कांचे सोड. शिष्यवृत्ती गेली सहा महिने."

ती जरा वेळ गप्प राहिली. मग तिने माझ्याकडचे खोडरबर मागितले. लाल शाई त्याने जात नाही, हे मी तिला सांगितले. तेव्हा पान उलटून तिने पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतले.