ई-रीडर भेट द्यायचाय? आधी वाचणाऱ्याकडे बघा, मग यंत्राकडे

तालुका प्रतिनिधी

१ जून म्हणजे गावातल्या अर्ध्या माणसांचा शाळेतला वाढदिवस. आमच्या गुरुजींचाही तोच. गेल्या वर्षी, २०२५ ला, गुरुजींची पंचाहत्तरी झाली. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ हे नेहमीचं झालं, या वेळी काहीतरी कामाची वस्तू देऊ, असं आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं. गुरुजींना वाचनाचा भारी नाद. पण साखरेमुळे नजर कमी झाली, वाचनालयातल्या पुस्तकांची बारीक अक्षरं लागेनात, म्हणून त्यांनी पुस्तक आणणंच सोडलं होतं. अठरा जणांनी हजार-हजार रुपये काढले आणि ई-रीडर घेतला. सत्कार झाला, फोटो निघाले, बातमी मीच लावली.

दिवाळीत पाया पडायला गेलो तेव्हा तो ई-रीडर कपाटात, शालीच्या घडीखाली होता. डबा फोडलेला, पण वापर नाही. विचारलं तर गुरुजी म्हणाले, "यंत्र चांगलं आहे रे, पण त्यात माझं काही नाही."

खरंच नव्हतं. यंत्र पुण्याच्या मित्राच्या खात्यावर आलं होतं. आत त्याच्या इंग्रजी पुस्तकांची यादी. मराठी पुस्तक एकही नाही. गुरुजींनी दोनदा प्रयत्न केला तर ओटीपी पुण्याला गेला. अठरा हजार रुपये जवळपास पाच महिने कपाटात पडून राहिले. चूक यंत्राची नव्हती, आमची होती. ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून ही माहिती.

ई-रीडर म्हणजे काय?

ई-रीडर दिसायला छोट्या टॅबसारखा असतो, पण त्याचं काम एकच, पुस्तक वाचणं. त्यावर व्हॉट्सॲप नाही, रील नाही, गेम नाही. स्क्रीनही मोबाईलसारखी नसते. तिला ई-इंक म्हणतात. आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, त्यात काळे आणि पांढरे कण. विजेच्या इशाऱ्यावर काळे कण वर आले की अक्षर उमटतं. पाटीवर खडूनं लिहिलेलं जसं पुसेपर्यंत राहतं, तसं हे पान उलटेपर्यंत वीज न घेता तसंच राहतं. म्हणून रोज थोडं वाचलं तर एका चार्जिंगवर काही आठवडे निघतात. आपल्याकडे लाईटचा जो खेळ चालतो त्यात हा मोठा फायदा.

दुसरा फायदा उन्हाचा. मोबाईल उन्हात दिसत नाही, ई-रीडर उन्हात कागदासारखा स्वच्छ दिसतो. राखणीला बसलेल्या माणसालाही बांधावर वाचता येतं. तिसरा आणि सगळ्यात मोठा फायदा म्हणजे अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं.

या यंत्रांत आपल्याकडे जास्त माहीत असलेलं नाव ॲमेझॉनचं किंडल. अमेरिकेत ते १९ नोव्हेंबर २००७ ला आलं, भारतातल्या दुकानांत २०१२ ला. किंडलवर मराठी पुस्तकांची विक्री डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. कोबो, पॉकेटबुक, ओनिक्स बूक्स ही दुसऱ्या कंपन्यांची यंत्रं. त्यातली बूक्सची यंत्रं अँड्रॉइडवर चालतात, म्हणजे त्यात मोबाईलसारखी ॲप टाकता येतात. पण किंमत आणि दुरुस्तीचं ठिकाण बघूनच त्यांच्या वाटेला जावं.

कोणाला द्यावा, कोणाला नको

ज्याला आधीपासून वाचनाची सवय आहे त्यालाच हे यंत्र उपयोगी. यंत्र दिलं म्हणजे वाचनाची गोडी लागेल, या भरवशावर पैसे घालू नका.

- वयस्कर माणूस, वाचनाची आवड आहे पण बारीक अक्षर लागत नाही: द्यावा. मात्र घरात पुस्तक भरून देणारं कोणीतरी हवं.
- कादंबऱ्या, चरित्रं, इंग्रजी पुस्तकं वाचणारी मुलगी किंवा मुलगा: द्यावा. इंग्रजी शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ तिथंच दिसतो.
- स्पर्धा परीक्षा करणारा विद्यार्थी: विचार करून. नोट्स आणि प्रश्नपत्रिका बहुतेक पीडीएफमध्ये असतात, छोट्या ई-रीडरवर त्या वाचणं जिकिरीचं. त्याला टॅब किंवा सरळ छापील पुस्तकं बरी.
- शाळेतलं लेकरू: बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मिळतात, पण ती रंगीत आणि मोठ्या पानाची. काळ्या-पांढऱ्या छोट्या स्क्रीनवर नकाशे, चित्रं नीट कळत नाहीत. त्यासाठी घेऊ नका.
- नजर फारच गेली असेल तर: बोलकी पुस्तकं द्या. मराठी ऑडिओ पुस्तकांची ॲप आहेत, ती साध्या मोबाईलवर चालतात.

मराठीची अडचण समजून घ्या

इंग्रजीत बहुतेक प्रत्येक नवं पुस्तक ई-बुक म्हणून मिळतं. मराठीत तसं नाही. अनेक चांगली पुस्तकं अजून फक्त कागदावरच आहेत. म्हणून घेण्याआधी ज्याला द्यायचं त्याच्या आवडीच्या दहा पुस्तकांची नावं लिहून काढा आणि ती किंडलच्या दुकानात आहेत का, ते मोबाईलवर शोधा. सात-आठ सापडली तर पुढे जा. दोनच सापडली तर थांबा.

दुसरी गोष्ट, एका दुकानाचं पुस्तक दुसऱ्याच्या यंत्रावर सहसा चालत नाही. काही मराठी विक्रेत्यांची ई-बुकं त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्येच उघडतात. ती किंडलवर जाणार नाहीत.

तिसरी गोष्ट, ईपब आणि पीडीएफ यातला फरक. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. अक्षर मोठं करायला गेलं की पान स्क्रीनबाहेर जातं, मग डावीकडे-उजवीकडे सरकवत बसायचं. ईपबमध्ये अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप जुळतात. वयस्कर माणसासाठी ईपब किंवा किंडलच्या दुकानातलं पुस्तकच घ्या. पीडीएफच असेल तर यंत्र आडवं धरून वाचावं, थोडं मोठं दिसतं. पीडीएफचं रूपांतर करायला गेलं तर मराठी जोडाक्षरं बऱ्याचदा तुटतात.

यंत्र निवडताना काय बघायचं

स्क्रीन: साध्या किंडलची ६ इंच, २०२४ च्या पेपरव्हाइटची ७ इंच. एक इंच कमी वाटतो, पण अक्षर मोठं केल्यावर तो फरक कळतो. म्हाताऱ्या माणसासाठी ७ इंच घ्या. १० इंचाची यंत्रंही आहेत, पण ती महाग आणि हातात जड.

उजेड: आत दिवा असलेलंच घ्या. हा दिवा मोबाईलसारखा डोळ्यांवर येत नाही, बाजूनं पानावर पडतो. पेपरव्हाइटमध्ये तो पिवळसर करता येतो, साध्या किंडलमध्ये नाही.

पाणी: पेपरव्हाइट पाण्यात पडला तरी तग धरतो, साधा किंडल नाही. शेतावर न्यायचा असेल तर हे बघा.

साठवण: १६ जीबी भरपूर झाली. नुसत्या अक्षरांचं पुस्तक एक-दोन एमबीचं असतं, त्यात हजारो पुस्तकं बसतात. जास्त जीबीसाठी जास्त पैसे घालू नका.

चार्जिंग: नव्या यंत्रांना सी-टाईप वायर लागते, घरातला मोबाईलचा चार्जर चालतो.

रंगीत स्क्रीन: निघाली आहे, पण रंग फिके दिसतात आणि किंमत जास्त. कादंबरी वाचायला गरज नाही.

किंमत: नवा पेपरव्हाइट एप्रिल २०२५ मध्ये भारतात आला तेव्हा १६,९९९ रुपयांना होता. किमती वर-खाली होतात, सणासुदीच्या सेलमध्ये बघावं. पैसे हातात धरताना कव्हरचे वेगळे धरा. ई-इंकच्या स्क्रीनखाली काच असते आणि ती नाजूक असते. गादीवर ठेवलेल्या यंत्रावर कोणी बसलं की संपलं. स्क्रीन फुटली तर दुरुस्ती परवडत नाही.

जुनं घेताना: विकणाऱ्यासमोरच यंत्र चालू करा. त्याचं खातं काढायला लावा आणि तुमचं खातं तिथंच जोडून बघा. चोरीचं म्हणून बंद केलेलं यंत्र नव्या खात्याला जोडलं जात नाही. फार जुन्या मॉडेलवर मराठी जोडाक्षरं नीट दिसतात का, तेही एक पान उघडून पाहा.

फुकट आणि रीतसर पुस्तकं

आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं. महात्मा फुले १८९० ला गेले, हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ ला, साने गुरुजी १९५० ला. त्यांचं लेखन आज कोणीही मोकळेपणानं घेऊ शकतो. मराठी विकिस्रोत या संकेतस्थळावर अशी जुनी पुस्तकं आहेत आणि ती ईपबमध्ये उतरवता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकं विनामूल्य देतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरही अनेक ग्रंथ पीडीएफमध्ये आहेत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात, त्या मात्र घेऊ नका. आपला माल कोणी रात्रीतून शेतातून नेला तर आपण काय म्हणू? लेखकाचं तेच शेत आहे.

हातात देण्याआधी एवढं करा

१. ऑनलाइन मागवताना 'भेट आहे' हा पर्याय निवडा. नाहीतर यंत्र तुमच्या खात्याला जोडून येतं. मग समोरचा तुमच्या पैशानं पुस्तकं घेऊ शकतो आणि त्याला स्वतःचं काही करता येत नाही.

२. ज्याला द्यायचं त्याच्या स्वतःच्या मोबाईल नंबरवर खातं उघडा, म्हणजे ओटीपी त्याच्याच फोनवर येईल. पासवर्ड डायरीत लिहून द्या.

३. वाय-फाय नसेल तर मोबाईलचा हॉटस्पॉट चालतो. पुस्तक उतरवण्यापुरतंच नेट लागतं, वाचायला लागत नाही.

४. अक्षराचा आकार समोर बसून ठरवा. आपल्याला बरं दिसतं ते त्यांना दिसेलच असं नाही.

५. किमान पाच पुस्तकं भरून द्या. त्यातलं एक त्यांनी पूर्वी वाचलेलं, आवडीचं असू द्या. ओळखीचं पुस्तक हाती आलं की यंत्राची भीती जाते.

६. प्रत्येक किंडलला स्वतःचा ई-मेल पत्ता असतो. पाठवणाऱ्याचा पत्ता खात्यात मंजूर करून ठेवा. मग मुलगा पुण्यात असो की मुंबईत, तो तिथून ईपब पाठवतो आणि गावात नेट चालू केलं की पुस्तक उतरतं.

७. चुकून खरेदी होऊ नये म्हणून दुकानाला पिन लावता येतो. तो लावा.

आणि सगळ्यात आधी एक चाचणी घ्या. किंडलचं ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. त्यात एक मराठी पुस्तक घालून त्या माणसाला आठ दिवस द्या. पुस्तक पुढे सरकलं तर यंत्र घ्या. नाही सरकलं तर तुमचे पैसे वाचले. त्या पैशात कागदाची पन्नास-साठ पुस्तकं येतील.

गुरुजींचं पुढे काय झालं

दिवाळीच्या पाडव्याला मी आणि गुरुजींचा नातू ओट्यावर बसलो. मित्राचं खातं काढलं, गुरुजींच्या नंबरवर नवं उघडलं. अक्षर एवढं मोठं केलं की पानावर सात-आठच ओळी राहिल्या. मी म्हटलं, फारच मोठं झालं का? गुरुजी म्हणाले, "राहू दे. तूही पहिलीत एवढंच मोठं काढायचास." पहिलं पुस्तक भरलं ते 'श्यामची आई'. हे त्यांनी आम्हाला चौथीत वर्गात वाचून दाखवलं होतं.

मेन्यू इंग्रजीत आहे, तो त्यांना अजून आवडत नाही. नातवानं पुठ्ठ्यावर मराठीत चार ओळी लिहून कव्हरात ठेवल्यात: कुठं दाबायचं, मागं कसं यायचं. पेपर ते अजून कागदाचाच वाचतात.

पंधरा दिवसांनी मी तुरीत फवारणी करत होतो, तेव्हा त्यांचा मेसेज आला. दोनच शब्द होते, "संपलं. पुढचं?"