विहिरीतला पाव आणि घरातला पाव

आज जूचंद्रच्या एखाद्या घरात सफरचंद किसून, चिमूटभर दालचिनी घालून गोड, ओलसर पाव भाजला, तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. हे सहजपण आपल्याकडे फार उशिरा आले.

जूचंद्रहून वसईचा किल्ला लांब नाही. 1534 साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. 1739 मध्ये चिमाजीआप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत ‘पाव’ हा पोर्तुगीज शब्द आपल्या तोंडी बसला, पदार्थ मात्र ओवळा ठरला. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा लोक सांगत. पुढे 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून टिळक, रानडे ह्यांच्यावरही ग्रामण्य आले!

त्यात खमिराची अडचण. गोव्याकडे पाव माडाच्या सुरेने फुगवीत. सोवळ्याला ती कशी चालावी? ही गाठ रसायनशास्त्राने सोडविली. पत्नीला यीस्ट सोसत नाही म्हणून 1843 मध्ये इंग्लंडात आल्फ्रेड बर्डने बेकिंग पावडर तयार केली. सोड्याला आंबट भेटले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. सुरा नको, रात्रभर आंबविणे नको. फळाच्या रसाने पाव ओलसर राहतो.

पण सोड्याने पीठ फुगते, मन नव्हे. विहिरीचे पाणी तेव्हाही निर्मळच होते. बाट होता तो आमच्या मनात. आज घरी भाजलेल्या पावाचे दोन तुकडे ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जातात आणि नाताळात त्याच्याकडून फराळाचे ताट येते, ह्यातच आम्हांस इतिहास पुढे सरकलेला दिसतो.